यादीत नसलेला शब्द

२ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत रुजू झाले. डॉक्टरीणबाई सहा आठवडे म्हणाल्या होत्या, मी साडेतीनमध्येच गेले. घरी बसून करायचं काय? परवा आजीचं तेरावं झालं. काल सकाळच्या गाडीने काका-काकू इंदूरला परत गेले. आता दोन खोल्या, मी आणि आजीची खाट. खाट कुणाला तरी देऊन टाक, असं काकू जाताना म्हणाल्या. हो म्हटलं.

स्टाफरूममध्ये एकेक जण येऊन गेली. "दादी की उमर कितनी थी?" शहाऐंशी. आकडा ऐकला की समोरचीच्या चेहऱ्यावरचं दुःख निम्मं होतं. "अच्छा, फिर तो…" पुढचं कुणी म्हणत नाही.

सहावीला भूगोल. फळ्यावर चंबळ काढायला हात वर नेला तर टाके ओढले. नदी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच वाहिली.

३ फेब्रुवारी

ही वही ६ जानेवारीपासून बंद होती. शेवटची नोंद: "आजीला मुरारला सोडून आले. ती रडली नाही." बस, एवढंच.

मधलं लिहून ठेवते. नाहीतर सोयीचं तेवढंच आठवेल.

गर्भाशय काढायचं होतं. तारीख ८ जाने. त्यानंतर दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही. आजीला तर मी दिवसातून दहादा उचलून बसवत होते. काखेत हात घालून, तिची हनुवटी माझ्या खांद्यावर. डिसेंबरातच काकांना फोन केला होता. "वैजू, नेली असती गं मी आईला. पण घर लहान, त्यात तुझ्या काकूचे गुडघे…" मी फार धरून बसले नाही. त्यांनीही लगेच विषय बदलला.

मग मुरारचं केअर होम बघून आले. (इथे के. हो. लिहीन, पूर्ण नाव लिहवत नाही.) स्वच्छ होतं. खिडकीत ऊन येत होतं. दोनच महिन्यांचा प्रश्न. ६ला नेलं, १९ला ती गेली. दुपारी एकच्या सुमारास. हार्ट. त्यांचा डॉक्टर आला तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं.

तेरा दिवसांत मी एकदाही गेले नाही. ऑपरेशन झालेलं, उठता येत नव्हतं, हे खरं आहे. संक्रांतीला शेजारच्या भाभींच्या हाती तिळगूळ पाठवला. भाभी येऊन म्हणाल्या, "अम्मा ने खा लिया। फिर मेरे पीछे देखती रहीं, कि आप आई होंगी।"

५ फेब्रुवारी

आज लष्कर भागात काम होतं, येताना टॉकीजवरून आले. टॉकीज आता नाही, तिथे कपड्यांचं मोठं दुकान झालंय. जिथे बायकांचं दार होतं तिथे काचेत तीन पुतळे उभे आहेत.

त्या दारावर आजी बावीस वर्षं तिकिटं फाडायची. आजोबा फौजेत होते, लवकर गेले. मी चार वर्षांची असताना आई गेली, बाबांनी जबलपूरला दुसरं घर केलं, आणि मी आजीकडे आले ती आलेच. शाळा सुटली की टॉकीज. दाराशी एक स्टूल, त्यावर मी, मांडीवर पाटी-दप्तर. पडदा हलला की आतला पिक्चर दिसायचा, हातभर. माझ्या लहानपणीचे सगळे पिक्चर मी असेच पाहिले, तुकड्या-तुकड्याने. शेवट कुठलाच माहीत नाही.

आणि आजीची हिंदी! कमरेला टॉर्च, पदर खोचलेला. "ऐ लाटसाब! मर्दाना उधर है। आँखें घर रख के आया कर।" आख्खी रांग हसायची आणि तो माणूस पायाला पाय लावून पळायचा. साताऱ्याकडून लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती, हिंदीचा एक शब्द येत नव्हता. "शिव्या आधी शिकले, मग भाजीची नावं," असं स्वतःच सांगायची.

प्रेमळ वगैरे म्हणतात तशी नव्हती. एकदा खोटं बोलले म्हणून टॉर्चने मारलं होतं, कोपरावर खूण आहे. स्वतः मात्र दर दिवाळीला खोटं बोलायची. "बाबा येतोय तुझा, पत्र आलंय." बाबा कधीच यायचे नाहीत. मला बारा-तेराव्या वर्षी कळलं की पत्रही यायचं नाही. विचारलं तर म्हणाली, "दिवाळी तर नीट जात होती ना तुझी?"

६ फेब्रुवारी

कालचं अर्धं राहिलं. तिची हिंदी.

तीन वर्षांपूर्वी जायला लागली. आधी भाज्यांची नावं. भाजीवाला खालून ओरडायचा, "अम्मा, क्या दूँ?" आणि ती माझ्याकडे बघायची. मग शेजाऱ्यांशी बोलणं थांबलं. डॉक्टर म्हणाले असं होतं, नंतर शिकलेलं आधी जातं. मागच्या वर्षी पार गेली. उरली ती फक्त मराठी, तीही तिच्या आईची असावी अशी. आम्ही ग्वाल्हेरची माणसं अर्धं वाक्य हिंदीत बोलतो. मी सहज "आजी, खिड़की बंद करू?" म्हटलं तरी ती बावरायची. मग मी घरात शुद्ध मराठी बोलायला शिकले, चाळिसाव्या वर्षी.

के. हो.मध्ये मराठी कुणालाच येत नव्हती. म्हणून मी यादी करून दिली होती. मोठ्या अक्षरात, वीस शब्द. लघवी म्हणजे पेशाब. तहान म्हणजे प्यास. दुखतंय म्हणजे दर्द है. गार, ऊन-ऊन, पुरे, नको, उठव, निजव. खाटेजवळच्या भिंतीवर चिकटवून आले. मॅनेजर म्हणाला, "मैडम, आप तो टीचर निकलीं।" मला बरं वाटलं होतं तेव्हा.

८ फेब्रुवारी, रविवार

शीला आली होती.

शीला म्हणजे के. हो.मधली दिवसपाळीची आया. भिंडकडची, पंचेचाळीसच्या आसपासची. फिनाईलने बोटं फाटलेली. आजीला आंघोळ, भरवणं, सगळं तीच करायची. पिशवी घेऊन आली. "दीदी, अम्मा की चीज़ें रह गई थीं।" दोन लुगडी, स्वेटर, चष्मा, रुमालात कवळी. सगळं धुऊन, घडी घालून. आणि तळाशी ती यादी, भिंतीवरून नीट सोडवलेली.

खुर्चीवर बसायला तयार नव्हती, बसवलं. चहा घेतला. मग म्हणाली, "दीदी, एक बात पूछूँ? वो कस्तूरी जी को ख़बर हो गई?"

मी म्हटलं, कोण कस्तूरी?

"अरे, वही। जिनको अम्मा उस दिन सबेरे से बुला रही थीं। मैंने आपको फ़ोन नहीं किया था?"

केला होता.

ती गेल्यावर यादी उघडली. माझ्या वीस शब्दांखाली शीलाने पेनाने आणखी काही लिहिलंय. वाकडी अक्षरं, पाचवीपर्यंत शिकलेली असावी. "बाळ — बच्चा (मुझे बोलती हैं)". "घरी — घर". आणि सगळ्यात खाली, "कस्तूरी — अम्मा की सहेली। आ रही हैं।"

९ फेब्रुवारी

तो फोन. १९ तारीख, सकाळी साडेनऊच्या आसपास. मी अंथरुणात, पोटावर गरम पाण्याची पिशवी. शीला म्हणाली, अम्मा सकाळपासून कस्तूरी-कस्तूरी करतायत, नाश्ता केला नाही, हात धरून ठेवतायत, कोण आहे ही कस्तूरी?

मी म्हटलं, "पता नहीं। कोई पुरानी सहेली होगी। बोल दो, आ रही है।"

"ठीक है दीदी," म्हणाली.

गोळ्यांच्या गुंगीत नव्हते. हे लिहून ठेवलं पाहिजे. पूर्ण शुद्धीत होते.

१० फेब्रुवारी

काकांचा फोन. आवाज चढलेला. त्यांनी के. हो.कडून कागद मागवलेत. "वैजू, डॉक्टरला बोलावलं कधी माहितेय? सव्वा एकला! सकाळपासून जेवत नव्हती, नोंद आहे त्यांच्याच रजिस्टरात, आणि कुणाला काही वाटलं नाही? मी सोडणार नाही यांना. कलेक्टरकडे जाणार."

मग एकदम रडायला लागले. "माझी आई तिथे परक्यांत…" पासष्ट वर्षांचा माणूस. मी इकडे फोन धरून उभी.

फोन ठेवता ठेवता विचारलं, काका, आजीची कस्तुरी नावाची कोणी मैत्रीण होती का? मावशी, आत्या, साताऱ्याकडची कोणी?

"कस्तुरी? छे. आपल्यात हे नावच नाही कुणाचं. का गं?"

सहज, म्हटलं.

१३ फेब्रुवारी

शाळेतून परस्पर नया बाज़ारात. टॉकीजच्या कँटीनवाल्याची बायको तिथे मुलाकडे राहते. आम्ही तिला चाची म्हणायचो. ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, डोकं शाबूत. आजी गेली हे तिला माहीतच नव्हतं. पदर तोंडाला लावून बसली थोडा वेळ.

कस्तूरीचं विचारलं. दोनदा, कानाशी तोंड नेऊन.

"ना बेटा। कस्तूरी नाम की तो कोई न थी। न हॉल में, न मोहल्ले में।" मग म्हणाली, "तेरी दादी को सहेली बनाने की फ़ुरसत कब थी? एक तू थी, एक वो दरवाज़ा।"

तरी मला कोणीतरी हवी होती. येताना टेम्पोत बसून मी कस्तूरी तयार करत होते. साताऱ्याकडची, लग्नाआधीची, विहिरीवर बरोबर जाणारी. आजीला शेवटी तीच आठवली असेल. आणि शीलाने सांगितलं, येतेय. मग तेवढ्यात समाधान. असं काहीतरी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चौथा तास, सहावी ब. प्रश्नोत्तरं लिहायला दिली होती. तिसऱ्या बाकावरची गौरी उठून टेबलाशी आली. मराठी घरातली, पण शाळेत कायम हिंदी, माझ्याशीसुद्धा. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. हळूच म्हणाली,

"बाई, मला कसंतरी होतंय."

मी म्हटलं, क्या हो रहा है? तोंडातून हिंदीच आली.

"कसंतरी. कसंतरी होतंय."

गौरीला आजारी मुलींच्या खोलीत नेलं, तिच्या आईला फोन केला. रिकाम्या पोटी आली होती, उलटी झाली, ठीक आहे आता.

कसंतरी. कस्तूरी.

कोणी मैत्रीण नाही. कुणाला बोलावत नव्हती. तिला कसंतरी होत होतं. सकाळपासून सांगत होती.

१८ फेब्रुवारी

शाळेत गेले नाही.

१९ फेब्रुवारी

महिना झाला.

यादी घेऊन बसले. वीस शब्द, सगळे बघितले. दुखतंय लिहिलं. तिचं कधी काही दुखलं की ती दुखतंय म्हणायचीच नाही. छातीत भरून आलं, मळमळलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारलं, सगळ्याला तिचा एकच शब्द. मला माहीत होता. साऱ्या ग्वाल्हेरात बहुतेक मला एकटीलाच माहीत होता. मी लघवी लिहिलं, ऊन-ऊन लिहिलं, आणि हा लिहिला नाही.

मी दहा वर्षांची होते. रविवारचा खेळ, हाउसफुल. मी स्टुलावर. पोटात सकाळपासून काहीतरी चाललं होतं, सांगितलं नव्हतं. मग म्हटलं, "आजी, कसंतरी होतंय."

तिने विचारलं नाही, काय होतंय. कपाळाला हात लावला नाही. टॉर्च कमरेला खोचली, मला उचललं आणि दार तसंच उघडं टाकून निघाली. मागे बिनतिकिटाच्या बायका आत घुसल्या, मॅनेजर हाका मारत राहिला. रिक्षा मिळेना. फूलबागेच्या चौकापर्यंत मला खांद्यावर टाकून चालली. संध्याकाळी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले फुटायच्या बेतात होतं. मॅनेजरने तिला आठ दिवस घरी बसवलं, ते आठही दिवस ती माझ्या खाटेशी.

मी एकदा म्हटलं आणि ती उठली.

ती सकाळपासून म्हणत होती.

२० फेब्रुवारी

अजून एक आहे. ९ तारखेला लिहिलं नाही.

फोनवर मागून तिचा आवाज येत होता. शब्द कळले नाहीत, आवाज कळला. मी शीलाला म्हणू शकत होते, फोन तिच्या कानाशी लाव. म्हटलं नाही. कारण त्याआधी दोनदा लावला होता, आणि दोन्ही वेळा ती "वैजू, घरी ने" एवढंच म्हणत रडली होती, आणि मग माझा दिवसभर जीव जायचा. त्या दिवशी मला ते नको होतं. चहा निवत होता. म्हटलं, सांग, येतेय. आणि ठेवला.

कानाशी लावला असता तर तिने मला सांगितलं असतं. मला एका शब्दात कळलं असतं.

२१ फेब्रुवारी

काकांनी अर्ज तयार केलाय. फोनवर वाचून दाखवला, दोन पानी. वकिलाकडून लिहून घेतलाय, हिंदीत. "ड्यूटी पर तैनात शीला नामक आया ने वृद्धा की शिकायत को गंभीरता से नहीं लिया, न ही परिवार को सूचित किया…"

न ही परिवार को सूचित किया.

"त्या बाईची नोकरी तर जाणारच," काका म्हणाले. "केसही होईल. तू भरती केलंस ना आईला, तुझी सही लागेल. मी येतो एक तारखेला."

एक तारखेला रविवार आहे, एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "समजतं गं मला. तू तर तिच्या हाताखाली वाढलीस. माझ्यापेक्षा तुला जास्त."

शीलाने फोनचं कुणाला सांगितलेलं नाही, असं दिसतंय. मॅनेजरलाही नाही. का? मला वाचवायला? की तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही?

काका सोडून मला वैजू म्हणणारं आता कोणी नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुरारला गेले. के. हो.च्या आत पाय घातला नाही. शीलाला फोन करून बाहेर बोलावलं. समोर चहाची टपरी, तिथे उन्हात बाकावर बसलो.

आधी काकांच्या अर्जाचं सांगितलं. तिला थोडं माहीत होतं. मॅनेजरने विचारपूस केली होती, लिहून घेतलं होतं. "मैंने बोल दिया, अम्मा ने नाश्ता नहीं किया, हमने सोचा मन नहीं है। बस।"

फोनचं का नाही सांगितलंस?

"आप बीमार पड़ी थीं दीदी। आपका क्या नाम लेती।"

मग मी सांगितलं. कस्तूरी कोणी नाही. तो शब्द आहे. मराठीत तबियत बिघडली की म्हणतात. ती म्हणत होती, जी घबरा रहा है. तू बरोबर ऐकलंस, बरोबर मला विचारलंस. चूक माझी.

मला वाटलं होतं तिला हलकं वाटेल. तेवढ्यासाठीच गेले होते मी, स्वतःला असंच सांगितलं होतं.

तिने चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "मैं तो उनका हाथ पकड़ के बोलती रही, आ रही है अम्मा, आ रही है। हँस-हँस के। बारह बजे तक।"

आणखी थोड्या वेळाने, "वो मेरी तरफ़ ऐसे देखती थीं… मैं समझी ख़ुश हैं।"

पदराने तोंड पुसलं, उठली. रडत नव्हती. "दीदी, ये आपको मुझे नहीं बताना था।"

आत गेली. फाटकातून वळून पाहिलं नाही. तिच्या ग्लासात चहा तसाच होता.

२३ फेब्रुवारी

माझं ओझं अर्धं तिच्यावर टाकून आले. आणि माझं कमी झालं नाही ते नाहीच.

२४ फेब्रुवारी

टाके दाखवायला डॉक्टरीणबाईंकडे. जखम छान भरतेय म्हणाल्या. निघताना विचारलं, सकाळी साडेनऊला मळमळ, घाम, छातीत भरलेलं, आणि दुपारी एकला माणूस जातो. साडेनऊलाच हलवलं असतं तर?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. बहुतेक समजल्या कुणाबद्दल ते.

"उमर बहुत थी। दिल भी कमज़ोर रहा होगा।"

पण तरी, म्हटलं.

"कह नहीं सकते। बच भी सकती थीं। नहीं भी।"

हो किंवा नाही, यातलं काही एक त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्ही म्हणाल्या.

२६ फेब्रुवारी

सकाळी शीलाचा फोन. "दीदी, मैं गाँव जा रही हूँ। छुट्टी पे।" कधी परत? "देखती हूँ।" मग म्हणाली, "चाचाजी को फ़ोन वाली बात मत बताना। मेरी तो जहाँ भी हो, लग जाएगी नौकरी। आपका तो घर का आदमी है।"

मी म्हटलं, तू का भोगायचंस हे?

"भोग तो रही ही हूँ। अब और क्या।"

ठेवला फोन.

दुपारी काकांना फोन केला. म्हटलं, या एक तारखेला, पण सही करायच्या आधी मला एक सांगायचंय, समोर. "काय गं? आत्ताच सांग." नाही, समोर. "बरं," म्हणाले. आवाज बदलला होता का? की मलाच वाटलं?

२८ फेब्रुवारी

तीन शक्यता लिहून काढल्या, शाळेत मोकळ्या तासाला, वहीच्या मागच्या पानावर.

सांगते. मग काका अर्ज फाडतील, किंवा फाडणार नाहीत आणि त्यात शीलाच्या जागी माझं नाव येईल. दोन्हीत बोलणं संपेल.

सांगत नाही, सही करते. शीला.

सांगत नाही, सही करत नाही. काका विचारतील, का नाही? मग पुन्हा पहिल्यावर.

पान फाडून टाकलं. हे काय गणित आहे.

आजी असती तर काय म्हणाली असती, असं लोक म्हणतात. मला तेही सुचत नाही. ती शेवटच्या वर्षी मला कधी आई म्हणायची, कधी बाळ. शेवटी तिने माझ्याबद्दल काय समजून घेतलं असेल? की वैजूला कळवलंय, आणि वैजू म्हणतेय, कोणीतरी येतंय? आणि ती वाट बघत असेल.

१ मार्च, रविवार

काका सकाळच्या गाडीने आले. जिना चढून धापा टाकत होते. या महिन्याभरात म्हातारे झालेत. पिशवीतून आधी शेवेचं पाकीट काढलं, आजीसाठी दर वेळी आणायचे ते, बारीक, तिला कवळीने चावता येईल अशी. काढल्यावर लक्षात आलं. हातात धरूनच उभे राहिले. मग ओट्यावर ठेवलं.

आजीच्या खाटेवर बसले. ती मी अजून कुणाला दिलेली नाही. हात फिरवला गादीवर. म्हणाले, "मी डिसेंबरात हो म्हणायला हवं होतं. काकूचे गुडघे काय. चालतं सगळं ठरवलं की. मी टाळलं, वैजू. तुला ऐकवत नव्हतो, पण आता ऐक. मीच टाळलं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. म्हटलं, काका…

"थांब. आधी आंघोळ करतो. गाडीत डोळा लागला नाही. मग बसू, नीट ऐकतो तुझं. मग सही."

अर्ज टेबलावर ठेवून गेलेत. दोन पानं, टाचणी लावलेली. खाली माझ्या नावापुढे रिकामी रेघ. वर शीलाचं नाव तीनदा आलंय, मोजलं.

चहा टाकलाय. उकळेपर्यंत हे लिहितेय, ओट्यावर वही ठेवून. पहिलं वाक्य ठरवलंय. काका, त्या दिवशी फोन मला आला होता. त्याच्यापुढचं ठरत नाही. त्यांचं ऐकून तर आणखीच. ते स्वतःला दोष देतायत तो त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल, की त्यात भर घातल्यासारखं?

शेजारच्या भाभींकडे रेडिओ लागलाय.

नळ बंद झाला.

"वैजू, टॉवेल दे गं."

देते.